वनस्पतीचं दूध? मग उंबराचा चीक प्या!

प्रश्न असा आहे: ओट्स आणि सोयाच्या पाकिटांवर 'दूध' न लिहिता 'पेय' का लिहितात, आणि 'प्लांट-बेस्ड मिल्क'ला मराठीत 'वनस्पती-आधारित दूध' म्हणणं बरोबर आहे का?

दुसरा भाग आधी घेतो, कारण त्यानेच डोकं उठलंय. 'आधारित'ने मराठीत नुसता उच्छाद मांडलाय. कादंबरीवर आधारित नाटक समजू शकतो. दूध कशाच्या आधाराने उभं राहतं? सोयाचं दूध, बदामाचं दूध. षष्ठी फुकट मिळते, ती वापरा. फारच भारदस्त हवं असेल तर 'वनस्पतिजन्य' म्हणा, आणि त्यातला 'ति' ऱ्हस्व काढा. पाकिटांवरचा मजकूर लिहिणाऱ्यांना हे कोणीतरी सांगा.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या व्याख्येत दूध म्हणजे निरोगी दुभत्या जनावराचं पूर्ण दोहन करून मिळालेला स्तनस्राव, त्यात काही घातलेलं नाही, त्यातून काही काढलेलं नाही, आणि चीक नसलेला. (हा 'चीक' लक्षात ठेवा.) म्हणून सोयाला, ओट्सला 'दूध' लावायचं नाही, 2021 मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी नावं हटवायलाही सांगितलं. नारळाचं दूध आणि पीनट बटर मात्र सुटले, ती नावं पूर्वापार रूढ म्हणून. युरोपातही तेच. टोफूटाउन नावाच्या जर्मन कंपनीच्या खटल्यात 2017 साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने 'सोया मिल्क', 'टोफू बटर' बाद ठरवलं. अपवादांची यादी तिथेही आहे, पण ती भाषावार. फ्रेंचमध्ये 'बदामाचं दूध' चालतं, इंग्रजीत चालत नाही. बदाम तोच, भाषा बदलली की गुन्हा!

यावर काही विद्वान म्हणतात, 'दूध या शब्दातच जनावर आहे.' कुठे आहे? दुह् धातू, त्याचं दुग्ध, प्राकृतात दुद्ध, आपलं दूध. अर्थ एवढाच की 'दोहून काढलेलं'. संस्कृतात पृथ्वीसुद्धा दोहतात. खवलेला चव वाटून फडक्यातून पिळलेल्या नारळाला हा शब्द लावायला व्युत्पत्तीची काडीचीही हरकत नाही. कोकणात त्याला सरळ 'रस' म्हणतात, गोव्यात 'रोस', ही गोष्ट वेगळी.

खरी गंमत 'दूध'मध्ये नाहीच, ती 'वनस्पती'त आहे. आपल्या आधीच्या पिढीला 'वनस्पती' म्हटलं की डालडाचा डबा आठवायचा. तुपात भेसळ ओळखता यावी म्हणून कायद्याने त्या वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचं तेल सक्तीचं केलं होतं; भेसळीच्या तुपावर रसायन टाकलं की तिळामुळे लाल रंग यायचा. आख्ख्या वृक्षसृष्टीचं नाव एका गोठवलेल्या तेलाने पळवलं आणि कोणाला काही वाटलं नाही!

पण त्याच्याही मागे जा. चरकसंहितेत सूत्रस्थानात आहे: 'फलैर्वनस्पतिः पुष्पैर्वानस्पत्यः फलैरपि'. फूल न दिसता फळ धरतं ते वनस्पति, फूल आणि फळ दोन्ही दिसतात ते वानस्पत्य, आणि फळ पिकलं की जी मरतात त्या ओषधी. म्हणजे ओट्स आणि सोया झाल्या ओषधी, बदाम वानस्पत्य. वनस्पति कोण? वड, पिंपळ, उंबर. उंबराचं फूल फळाच्या पोटात दडलेलं, म्हणून तर कधीमधी उगवणाऱ्या पाहुण्याला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. आणि हीच झाडं आयुर्वेदात 'क्षीरी वृक्ष', खरवडलं की पांढरं दूध गाळणारी. तेव्हा 'वनस्पतीचं दूध' शब्दशः हवंच असेल तर उंबराला कोयता लावा. (वनस्पतिमधला 'स्' कुठून आला, यावर वैयाकरण 'सुट् आगम', म्हणजे मध्ये एक 'स्' येतो, एवढं म्हणून हात झटकतात. आगम म्हणजे 'माहीत नाही' याचं सोवळ्यातलं रूप. मला तो बृहस्पतीतल्यासारखा जुन्या षष्ठीचा अवशेष वाटतो.)

त्या पांढऱ्या द्रवाला मराठीत म्हणतात चीक. रुईचा चीक, कच्च्या पपईचा चीक. व्यालेल्या गाईचं पहिलं दूध, ज्याचा खरवस होतो, तोही चीक. कणसातला कोवळा दाणाही 'चिकात' असतो. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, गाळून, रात्रभर निवळत ठेवला की तळाशी बसतो तोही चीक, कुरडयांचा. गाईला आणि झाडाला एकच शब्द! ओट्सचं ते पेय तरी काय आहे? दाणा पाण्यात दळायचा, विकर (एन्झाइम) घालून पिठूळपणा मोडायचा, गाळायचा. 'ओट्सचा चीक' म्हणा. खपणार नाही, पण मराठी आहे.

एक मात्र करू नका, चिकूला यात ओढू नका. 'चीक असतो म्हणून चिकू' असं सांगणारे भेटतात. फळ आलं मेक्सिकोकडून, नाव स्पॅनिश 'चिकोसापोते'वरून, आणि तेही मूळ तिथल्या नहुआत्ल भाषेतलं. त्या झाडाच्या चिकाचं पूर्वी च्युइंग गम करत, हे खरं. पण तो योगायोग आहे, व्युत्पत्ती नाही.