कायदा विचारा : दंड भरून विषय मिटतो का?

या वेळी आलेल्या पत्रांत अमेरिकेतल्या मुलाबाळांची काळजीच जास्त दिसली, म्हणून हा अख्खा भाग तिथल्या मिसडिमीनरला, म्हणजे फेलनीच्या (गंभीर गुन्ह्याच्या) खालच्या पायरीवरच्या गुन्ह्यांना दिलाय. तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, त्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्याला जसंच्या तसं लावू नका.

प्रश्न : ताई, मुलगा टेक्ससमध्ये एमएस करतोय. सेल्फ चेकआउटला काही वस्तू स्कॅन न करता पिशवीत टाकल्या, सगळ्या मिळून ८५ डॉलरच्या. सिक्युरिटीने अडवलं, पोलीस आले, तिकीट हातात देऊन सोडून दिलं. रूममेट म्हणतात ऑनलाइन दंड भर आणि मोकळा हो. भरू दे का? (एक आई, नाशिक)

उत्तर : नको, आजच्या आज फोन करा आणि त्याला थांबवा. टेक्ससमध्ये १०० डॉलरच्या आतली चोरी क्लास सी मिसडिमीनर असते, त्यात जेल नाही, फक्त ५०० डॉलरपर्यंत दंड. १०० ते ७५० डॉलरपर्यंत गेली की क्लास बी, मग १८० दिवसांपर्यंत जेल आणि २,००० डॉलरपर्यंत दंड, त्याच्या वर २,५०० पर्यंत क्लास ए म्हणजे वर्षभरापर्यंत जेल आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड, आणि २,५०० च्या पुढे सरळ फेलनी. म्हणजे राज्याच्या हिशोबाने तुमचा मुलगा सगळ्यात खालच्या पायरीवर आहे, आणि म्हणूनच मुलं फसतात, कारण त्यांना हे पार्किंगच्या तिकिटासारखं वाटतं. पण ते तिकीट भरणं म्हणजे कोर्टाच्या लेखी आरोपाला हरकत नाही असं सांगणं, त्यावर दोष सिद्ध झाल्याची नोंद होते आणि ती नोंद चोरीची असते. इमिग्रेशनच्या कायद्यात चोरी साधारणपणे नीतिमत्तेला काळिमा लावणाऱ्या गुन्ह्यांत धरतात, मग दंड पाचशेचा असो की पन्नासचा, आणि अशा गुन्ह्यामुळे अमेरिकेत प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

दुकानाच्या वकिलाकडूनही एखादं पत्र येईल, नुकसानभरपाई म्हणून अमुक डॉलर पाठवा असं. पुष्कळ मुलं ते पैसे पाठवतात आणि केस मिटली समजून कोर्टाची तारीख चुकवतात. ते पत्र दिवाणी मामल्याचं असतं, फौजदारी केसशी त्याचा संबंध नाही. आणि तारीख चुकली की वॉरंट निघतं, म्हणजे एकाचे दोन त्रास.

त्याने असा वकील बघावा ज्याला फौजदारी आणि इमिग्रेशन दोन्ही कळतं, किंवा जो इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून पाऊल टाकतो. सुप्रीम कोर्टाने २०१० साली पडिला विरुद्ध केंटकी या केसमध्ये सांगितलंय की नागरिक नसलेल्या आरोपीला डिपोर्टेशनचा, म्हणजे देशाबाहेर काढलं जाण्याचा, धोका समजावणं हे त्याच्या वकिलाचं कर्तव्यच आहे. पण नुसत्या दंडाच्या केसला सरकारी खर्चाने वकील मिळेल ही आशा धरू नका, खर्च करावा लागेल आणि तो कराच. वकिलाला स्पष्ट विचारायचं, कबुली न देता केस डिसमिस होईल का? कारण तिथे डिफर्ड नावाचा एक मार्ग सुचवतात, आधी गुन्हा कबूल करा किंवा हरकत नाही म्हणा, काही महिने नीट वागा, मग केस काढून टाकू. राज्याच्या नजरेत तो निर्दोष, पण इमिग्रेशनच्या व्याख्येत कबुली अधिक कसलीही शिक्षा किंवा बंधन एवढं झालं की दोष सिद्ध, नंतर रेकॉर्ड पुसलं तरी. कबुली न घेता होणारा डायव्हर्जन प्रोग्रॅम, म्हणजे खटल्याऐवजी ठरवून दिलेल्या अटी पूर्ण करण्याचा मार्ग, मिळाला तर तो पुष्कळ बरा.

घाबरून जाऊ नका मात्र. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा एक वर्षाच्या वर नाही आणि प्रत्यक्षात सहा महिन्यांहून जास्त झालेली नाही, असा आयुष्यातला एकच गुन्हा असेल तर प्रवेशबंदीच्या या नियमातून सूट आहे. दुसऱ्या वेळेला ती नाही. आणि पुढे व्हिसाच्या फॉर्ममध्ये अटक किंवा गुन्ह्याबद्दल विचारलं की खरंच लिहायचं, लपवलेलं सापडलं तर तो खोटेपणा मूळ चोरीपेक्षा महागात पडतो.

प्रश्न : भाचा कॅलिफोर्नियात असतो. तो म्हणतो तिथे ९५० डॉलरपर्यंत चोरीला काहीच होत नाही. खरं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : साफ चुकीचं, आणि हे पसरवणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. ९५० हा आकडा मिसडिमीनर आणि फेलनी यांच्यामधली रेघ आहे, २०१४ च्या प्रपोझिशन ४७ (मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेला कायदा) पासून. रेघेच्या आत सहा महिन्यांपर्यंत जेल आणि १,००० डॉलरपर्यंत दंड आहेच. २०२४ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन ३६ मंजूर केल्यावर तर आधी दोनदा चोरीत दोषी ठरलेल्या माणसावर छोट्या रकमेसाठीही फेलनी लावता येते. ही रेघ न्यू जर्सीत दुकानातल्या चोरीसाठी २०० डॉलरवरच आहे. आणि मिसडिमीनर म्हणजे कमाल एक वर्ष हेही सगळीकडे नाही, पेन्सिल्व्हेनियात पहिल्या दर्जाच्या मिसडिमीनरला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उलट कॅलिफोर्नियाने २०१५ पासून आणि न्यूयॉर्कने २०१९ मध्ये कमाल शिक्षा ३६५ दिवसांवरून ३६४ वर आणली. एका दिवसाने काय होतं असं वाटेल, पण इमिग्रेशनच्या कायद्यात बरीच कलमं एका वर्षाच्या आकड्यावर लागू होतात, त्या एका दिवसाने कित्येक घरं वाचतात.

प्रश्न : व्हर्जिनियात ताशी ७० मैलांच्या रस्त्यावर ८८ ने गाडी चालवली, पोलिसाने रेकलेस ड्रायव्हिंग (बेदरकारपणे गाडी चालवणं) लिहिलंय. १८ नेच तर जास्त होती! (एक वाचक, फेअरफॅक्स)

उत्तर : तिथे मर्यादेच्या २० मैल वर गेलात किंवा मर्यादा काहीही असली तरी ताशी ८५ ओलांडलेत, की रेकलेस. तो क्लास वन मिसडिमीनर, १२ महिन्यांपर्यंत जेल आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड, शिवाय गाडीच्या रेकॉर्डवर ११ वर्षं राहतो. नुसत्या वेगासाठी पहिल्या वेळेला जेल फारसं कुणाला होत नाही, पण घरबसल्या पैसे भरून सुटता येत नाही, कोर्टात जावंच लागतं. जाण्याआधी स्पीडोमीटर तपासून सर्टिफिकेट घ्या, काटा चुकीचा दाखवत असेल तर उपयोग होतो, आणि वकिलामार्फत आरोप इम्प्रॉपर ड्रायव्हिंगवर उतरवता येतो का बघा, तो गुन्हा नाही, ट्रॅफिकचं उल्लंघन आहे. दारू नव्हती ना हे पत्रात लिहिलं नाहीत. असली तर प्रकरण फार वेगळं, कारण डीयूआयच्या, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याच्या, नुसत्या अटकेवर, केस उभी राहण्याच्या आधीच, व्हिसा रद्द होऊ शकतो.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. भांडणात नवऱ्याने ढकललं, कपाळाला लागलं, शेजाऱ्यांनी ९११ लावला आणि पोलीस त्याला घेऊन गेले. मला केस नकोय, मागे कशी घेऊ? सासूबाई रोज फोन करतायत. (नाव नको)

उत्तर : आधी तुम्ही सुरक्षित आहात ना ते बघा, बाकी सगळं नंतर. केस तुमची नाहीच, राज्याची आहे, त्यामुळे मागे घेणं तुमच्या हातात नसतं, चालवायची की नाही ते सरकारी वकील ठरवतो. न्यू जर्सीत जखमेच्या खुणा दिसल्या तर पोलिसांना अटक करावीच लागते, तुमची इच्छा ते विचारत बसत नाहीत, म्हणजे नवरा आत गेला तो तुमच्यामुळे नाही. सिंपल असॉल्टला (साध्या मारहाणीला) सहा महिन्यांपर्यंत जेल आणि १,००० डॉलरपर्यंत दंड आहे. रिस्ट्रेनिंग ऑर्डर, म्हणजे त्याला तुमच्यापासून लांब ठेवणारा कोर्टाचा आदेश, ही वेगळी गोष्ट, ती रद्द करा असं तुम्ही कोर्टाला सांगू शकता, पण कुणी दबाव आणलाय का हे जज तुम्हाला विचारणार आणि तेव्हा खरं सांगा. ऑर्डर चालू असेपर्यंत त्याने तुम्हाला फोन, मेसेज करायचा नाही, कुणाच्या तोंडून निरोपही नाही, त्यामुळे सासूबाई त्याचा निरोप देत असतील तर तोही ऑर्डरचा भंग धरला जाऊ शकतो. तो भंग स्वतंत्र गुन्हा आहे, शिवाय डिपोर्टेशनचं स्वतंत्र कारणही. हे त्यांना एकदा शांतपणे सांगा आणि फोन ठेवून द्या.

तुमचा व्हिसा त्याच्या व्हिसावर टेकलाय म्हणून गप्प बसायची गरज नाही. घरातल्या मारहाणीत पोलिसांना सहकार्य करणाऱ्या व्यक्तीसाठी यू व्हिसा नावाची सोय आहे, नंबर लागायला वर्षं जातात पण अर्ज स्वतःच्या नावाने होतो. स्वतःसाठी वेगळी वकील बघा, नवऱ्याच्या वकिलाचा सल्ला घेऊ नका. तो त्याचं हित बघणार, तुमचं नाही.