तिकिटं भिजवू नका, ताई

शेजारच्या आजींनी दिलेला बुटांचा खोका, त्यात न्यूयॉर्क राज्यातल्या डेलावेअर काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या चर्चची चाळीसेक पोस्टकार्डं, आणि 'लेकीच्या संग्रहासाठी तिकिटं सोडवून घेते, मग कार्डं अल्बमात चिकटवते' हा तुमचा बेत. वाचून पोटात गोळाच आला. ताई, तिकिटं सोडवू नका. चिकटवू तर नकाच.

मी काही जाणकार नाही, मेथडिस्टही नाही. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिणारा माणूस. पण हा उद्योग मी करून बसलोय.

माझ्याकडे एक फोटोचं कार्ड होतं. पांढरं लाकडी चर्च, दाराशी टोपी घातलेला पोरगा, खाली हाताने लिहिलेलं 'एम. ई. चर्च, डेल्हाय'. स्पेलिंग आपल्या दिल्लीचंच, उच्चार तेवढा इथला. राज्याचं नाव नाही. मागे एका सेंटचं हिरवं तिकीट, गोल शिक्का अर्धा कार्डावर, अर्धा तिकिटावर. पत्ता वॉल्टन, न्यूयॉर्कचा. मी वीसेक कार्डांचे कोपरे स्टीलच्या परातीत कोमट पाण्यात बुडवले. तिकिटं सुटून तरंगायला लागली. सगळी हिरवी, सगळी सारखी. कुठलं कुठल्या कार्डाचं हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. कार्डावर उरलं नुसतं 'डेल'.

न्यूयॉर्कच्या डेलावेअर काउंटीचं मुख्य गाव डेल्हायच, पत्ताही तिथल्याच वॉल्टनचा, म्हणजे प्रश्न मिटला. मी तशी चिठ्ठी जोडून स्कॅन इतिहासाचं काम करणाऱ्या एका संस्थेला दिला. दीड वर्षाने तोच फोटो दुसऱ्या कुणीतरी विकायला काढला. त्याच्या मागे अख्खा शिक्का: डेल्हाय, आयोवा. आयोवा हे वेगळंच राज्य, तिथेही डेल्हाय आहे, आणि तेही डेलावेअर काउंटीतच! देशात डेलावेअर नावाच्या सहा काउंट्या आहेत, हे मला तेव्हा कळलं. पश्चिमेकडे गेलेल्या कुणीतरी घरच्यांना पाठवलं असणार. पत्त्यावरून कार्ड कुठे गेलं ते कळतं, निघालं कुठून ते शिक्क्यावरूनच.

संस्थेला चार ईमेल केले. एकाला उत्तर आलं: 'नोंद देणगीदाराने दिलेल्या माहितीनुसार आहे.' अहो, देणगीदार मीच की! नोंद अजून तशीच आहे आणि लोक ती बिनदिक्कत उचलतात. बरं, त्या वीस तिकिटांचे पैसे किती यावेत? एक कॉफीही आली नसती.

माझं मत, पटलं तर घ्या: चित्रापेक्षा मागची बाजू मोलाची. बंद पडलेल्या खेड्यातल्या पोस्टाचा स्पष्ट शिक्का असेल, तर संग्राहक कधी कधी त्यालाच जास्त पैसे मोजतात. (भाव मला विचारू नका, माझे सगळे अंदाज चुकलेत.) दोन्ही बाजू स्कॅन करा, कार्डं पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या नको. काय लिहायचं ते पाकिटावर.

आणि सगळ्यांवर सरसकट 'मेथडिस्ट' लिहू नका. 'एम. ई.' म्हणजे मेथडिस्ट एपिस्कोपल. 1939 च्या विलीनीकरणात ते नाव गेलं, 'युनायटेड मेथडिस्ट' 1968 पासूनचं. फ्री मेथडिस्ट आणि वेस्लियन ही वेगळी घराणी. नावावरून वर्ष ठरवतानाही जपून, छापलेला जुना साठा दुकानात वर्षानुवर्षं पडून असायचा.

तुमच्या खोक्यात अरेना, पेपॅक्टन, शेव्हरटाउन किंवा युनियन ग्रोव्ह लिहिलेलं एखादं कार्ड आहे का बघा. न्यूयॉर्क शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी 1950 च्या दशकात पेपॅक्टन जलाशय झाला, त्यात ही चारही गावं गेली. पाणी अडवण्याआधी इमारती पाडून जागा साफ केली होती, त्यामुळे तिथे आता जाऊन बघण्यासारखं काही नाही. असलं कार्ड निघालं तर बाजूला ठेवा आणि त्याच्या मागच्या बाजूचा फोटो आधी इथे टाका.