आत्यांची जागा गावातल्या घरांसाठी ठेवायची तर

बाय,

तुझा मेसेज नीट वाचला. आपल्या पश्चात घर आणि वरच्या अंगाचं परडं गावातल्या नडलेल्या लोकांच्या राहण्यासाठी जावं असं आत्या म्हणतायत, आणि तुला वाटतंय एक मृत्युपत्र केलं की काम झालं. आत्यांचा विचार ऐकून फार बरं वाटलं गो. आपल्याकडे देवळाला देणारे, शाळेला देणारे पुष्कळ आहेत, राहायला जागा देणारं कोणी निघत नाही आणि खरी नड तिथेच आहे. हर्णैपासून कर्द्यापर्यंत होमस्टेचे बोर्ड बघ किती लागलेत, आणि मग झेडपीच्या शिक्षिकेला किंवा बंदरावर राबणाऱ्या जोडप्याला बारा महिन्यांसाठी परवडतील अशा दोन खोल्या शोधून बघ.

दुसरी गोष्ट घरकुलाची. पंतप्रधान आवासचे ग्रामीण भागात साध्या ठिकाणी १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार मिळतात, पण ते बांधायला, जागा ज्याची त्याने आणायची. खाडीपलीकडची एक बाई माझ्याकडे कागद घेऊन आलेली, घरकुल मंजूर, पण सासऱ्यापासून राहतायत ती जमीन दुसऱ्याची, सातबारावर नावांची ही भलीमोठी रांग, त्यातले निम्मे वारलेले आणि वारसनोंद कोणी केलेली नाही, उरलेले मुंबई-ठाण्यात. संमतीपत्रावर सही आणायची कोणाची? प्लॅस्टिकच्या पिशवीत तिने तो मंजुरीचा कागद इतका जपून ठेवलेला की घड्यांवर अक्षरं पुसली होती. म्हणून म्हणतो, आत्या पैसे ठेवतील त्यापेक्षा जागा ठेवतील त्याचं मोल जास्त आहे.

आणि हे आपल्या लोकांना नवीन नाही. आपले चाकरमानी मुंबईत गेले ते कोणाच्या जिवावर राहिले? गावमंडळाच्या खोलीवर. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळीत मंडळाची एक खोली, महिन्याची वर्गणी, भिंतीला ओळीने ट्रंका, एकजण पाळीवरून आला की दुसऱ्याने वळकटी गुंडाळायची. खोली कोणा एकाच्या नावची नसायची म्हणून गावातला पुढचा पोरगा पण तिथेच उतरायचा. त्याच लालबागला पारशांची नवरोज बाग नावाची वसाहत आहे, जेरबाई वाडियांनी समाजातल्या कमी कमाईच्या कुटुंबांसाठी अशा बागा उभ्या केल्या आणि अजून तिथे लोक राहतात.

तर माझं म्हणणं एवढंच, जागा राहण्यासाठी द्यायची, मालकी वाटत सुटायचं नाही. आज चार कुटुंबांच्या नावावर करून दिलीत तर समुद्राकडची जमीन आहे, दहा वर्षांत रिसॉर्टवाला दारात उभा राहील, आणि मुलीचं लग्न किंवा आजारपण निघालं तर ते विकतील, त्यांना तरी दोष कसा देणार. मालकी सार्वजनिक ट्रस्टकडे ठेवा आणि लोकांना भाड्याने किंवा भाडेपट्ट्याने द्या. आपल्या सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यात (१९५०चा) कलम ३६ आहे, त्याप्रमाणे ट्रस्टची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने पट्ट्याने द्यायलाही परवानगी लागते. लोकांना ही कटकट वाटते, मला ती राखण वाटते.

एक अपवाद मात्र करा. परड्याच्या कोपऱ्यात जे कुटुंब आधीपासून राहतंय त्यांचं घरठाण आत्यांनी हयातीतच बक्षीसपत्राने देऊन टाकावं, त्यांना थांबवून ठेवण्यात काही अर्थ नाही. बक्षीसपत्राला नोंदणी सक्तीची, स्टॅम्प ड्युटी पण लागेल, तुकडेबंदी (जमिनीचे लहान तुकडे पाडायला मनाई) आडवी येऊ शकते पण घरकुलासाठी त्यात सवलत आहे, तहसीलला जाऊन विचार.

आता मृत्युपत्र. कागद सोपा आहे, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक (तरी करा), दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि ते साक्षीदार ज्यांना काही मिळणार त्यांच्यातले नकोत, शक्यतो आत्यांपेक्षा वयाने लहान बघा. व्यवस्थापक म्हणून तुझं नाव घालायला सांग. पण अडचण कागदात नाही, जमिनीत आहे. घर गावठाणात असेल तर ठीक, परडं शेतजमीन म्हणून लागलेलं असेल तर १९४८च्या कूळकायद्याचं कलम ६३ बघावं लागेल, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देता येत नाही, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या खटल्यात याच कायद्याखाली सांगितलंय की मृत्युपत्राने सुद्धा देता येत नाही. ट्रस्ट म्हणजे शेतकरी नव्हे. म्हणजे बिनशेती करणं किंवा कलेक्टरची परवानगी हे आत्या असतानाच मार्गी लागलं पाहिजे. सीआरझेडमध्ये, म्हणजे समुद्राकाठी बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्यात, किती येतं तेही मोजून घ्या, नाहीतर जागा आहे पण बांधता येत नाही अशी गत व्हायची.

सातबारा सामायिक असेल तर आत्यांना आपल्या हिश्श्यापुरतंच लिहिता येईल आणि तो हिस्सा कुठला यावरून पुढे वीस वर्षं कोर्टात जातील, आपल्या भाऊबंदकीत गडग्याच्या एका चिऱ्यावरून दावे चाललेत. विनोबा आपल्याच कोकणातले, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, १९५१ला भूदान सुरू केलं, लाखो एकर मिळाली, पण त्यातली कितीतरी पडीक किंवा वादातली निघाली आणि भूमिहीनापर्यंत पोचलीच नाही. देणाऱ्याचं मन मोठं होतं त्यात शंका नाही, पण मोजणी आणि वाटप आधी झालं असतं तर कितीतरी घरं उभी राहिली असती. म्हणून आधी वाटप, हद्दीचे दगड, आणि भाऊबंदांना समोर बसवून आत्यांनी स्वतः सांगायचं, त्यांच्या तोंडून ऐकलं की नंतर कोणाला कानात कुजबुजायला वाव राहत नाही. हे तू करायला जाऊ नको, पोरीने फिरवलं म्हणतील.

दुरुस्तीसाठी थोडी ठेव पण ठेवा. आपल्याकडे एका पावसाळ्यात कौलं शाकारली नाहीत की वासे कुजतात, आणि ३ जून २०२०चं निसर्ग वादळ तू बघितलंयस.

गणपतीला येशील तेव्हा सातबारा, आठ अ, फेरफार आणि घराचा असेसमेंट उतारा काढून आण. आत्यांना सांग, भाडं कोणाला किती आणि कोण ठरवणार हे त्यांच्या मनात काय आहे ते माझ्यासमोर बोलू दे, मसुदा त्यानंतर लिहू.

काका