बोर्डवरचा ‘आफ्रिका कॉर्प्स’ कॉम्प्युटरवर आणताना रसदीचं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की ‘आफ्रिका कॉर्प्स’ या दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेच्या लढाईवरच्या, ॲव्हलॉन हिल कंपनीच्या बोर्ड गेमचा पट ‘द ऑपरेशनल आर्ट ऑफ वॉर’ या कॉम्प्युटरवरच्या युद्धखेळाच्या एडिटरमध्ये षटकोन मोजून उतरवला, सोंगट्यांचे आकडेही जुळवले, तरी खेळताना तो थरार का येत नाही?

नकाशा तुम्ही नीटच केला असणार. अडचण रसदीत आहे.

मी ठाण्यात, नौपाड्यात वाढलो. १९६४ सालचा हा खेळ मामाने आणून दिला होता आणि वाशीचा एक मित्र दर रविवारी तो खेळायला घरी यायचा. वाऱ्याने सोंगट्या सरकतात म्हणून मे महिन्यातही पंखा बंद. आम्ही श्वास रोखून बघायचो ते लढाईचा फासा नव्हे, जर्मन रसदीचा फासा, रसदीची बोट पोचली की बुडाली ते ठरवणारा. रसदीची सोंगटी जवळ नसेल तर हल्ला नाही, आणि हल्ल्यासाठी वापरली की ती पटावरून उचलायची. बोटी समुद्रात बुडाल्या की जर्मन सेनापती रोमेल रणगाड्यांसकट जागच्या जागी. हातात एकच रसद असताना ती आज खर्चायची की पुढच्या डावासाठी, म्हणजे पुढच्या पाळीसाठी, राखायची, यावर आमची अर्धी दुपार जायची.

कॉम्प्युटरवर रसद टक्क्यांत असते आणि हळूहळू उतरते. जर्मन तुकड्या दमतात, पण हल्ला करतच राहतात. राखायची की खर्चायची हा प्रश्नच उरत नाही.

मी केलं ते असं. जर्मन बाजूची मूळ रसद मुद्दाम खूप कमी ठेवली आणि इव्हेंट एडिटरमध्ये (कोणत्या डावाला काय घडावं ते ठरवतात तिथे) प्रत्येक डावाला शक्यतेचा आकडा देऊन ती वाढवली, लगेच पुढच्या डावाला पुन्हा उतरवली. शक्यतेचे आकडे इतिहासावरून घ्या. १९४१ च्या शेवटी भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावरून निघणारी ब्रिटिश जहाजं आणि विमानं जर्मन-इटालियन ताफे बुडवत होती, तेव्हा शक्यता अगदी कमी. १९४२ च्या वसंतात माल्टावर प्रचंड बाँबफेक झाली आणि ताफे पोचू लागले, तेव्हा जास्त.

दुसरं टोब्रुक, लिबियातलं ब्रिटिशांच्या ताब्यातलं बंदर. एप्रिल १९४१ पासून जवळपास आठ महिने वेढ्यात असूनही ते टिकलं, कारण रसद समुद्रातून येत होती. म्हणून ब्रिटिशांचा रसदबिंदू, म्हणजे रसद जिथून मिळते ती जागा, बंदरावरच हवा. तो नसेल तर वेढलेली शिबंदी काही डावांतच कोमेजते आणि १९४१ ची सगळी मोहीम खोटी पडते.

सोंगट्यांवरचे आकडे मात्र सोडून द्या. हा प्रोग्रॅम तुकडीची ताकद तिच्या रणगाड्यांवरून आणि तोफांवरून स्वतः काढतो. बोर्ड बनवणाऱ्याने प्रशिक्षण, अनुभव, नेतृत्व सगळं एका आकड्यात मिसळलेलं असतं. ते इथे तुकडीच्या प्रावीण्याच्या आकड्यात घाला. पटावर ताकद ११ विरुद्ध ४ असली तर २ ला १ धरतात, म्हणून ३ ला १ मिळवायला आपण १२ चा मेळ घालत बसायचो. ते गणित इथे आणता येत नाही. मी बरेच दिवस प्रयत्न केला, तुम्ही वेळ घालवू नका.

तयार झालं की जर्मन बाजू घेऊन स्वतः १९४१ चा शरद ऋतू गाठा. तोवर रसदीची वाट बघत दोन-तीनदा तरी अडकून पडायला हवं. नाही पडलात तर शक्यतेचा आकडा आणखी खाली आणा.