मेरी ब्लेअरचे रंग अंगावर, आणि तिच्या भिंतीपर्यंतचा प्रवास

गेल्या अंकात मी मेरी ब्लेअरवर लिहिलं आणि पत्रांची रीघ लागली. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मेरी ब्लेअर (१९११–१९७८) ही अमेरिकन चित्रकार. जन्म ओक्लाहोमातला, शिक्षण कॅलिफोर्नियात, आणि १९४० पासून डिस्नेच्या स्टुडिओत नोकरी. 'सिंड्रेला', 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' आणि 'पीटर पॅन' या चित्रपटांचे रंग ठरवण्यात तिच्या चित्रांचा मोठा वाटा होता. डिस्नेच्या उद्यानांतली 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ही बाहुल्यांमधून जाणारी होडीची सफर तिच्याच शैलीत उभी राहिली. मी कापडछपाईसाठी रंगसंगती ठरवण्याचं काम करते, त्यामुळे तिच्याकडे मी रंगांच्या वाटेनेच पोचले. यंदाची पत्रंही बहुतेक कपडे आणि प्रवास यांविषयीच आहेत.

प्रश्न: ताई, धाकट्या बहिणीच्या वाढदिवसासाठी आम्ही दोघी एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडला जाणार आहोत. ती मेरी ब्लेअरची निस्सीम चाहती आहे. तिच्या शैलीचे कपडे घालून जायचं मनात आहे. पण मोठ्या माणसांना तिथे वेशभूषा करून जाता येत नाही असं ऐकलं, आणि बाहुल्या छापलेले टी-शर्ट आम्हाला नको आहेत. मग काय घालावं?

उत्तर: ऐकलंत ते बरोबर आहे. चौदा आणि त्यापुढच्या वयाच्या पाहुण्यांना एरवी तिथे पात्राचा पोशाख किंवा मुखवटा चालत नाही. पण रोजच्या कपड्यांतून एखाद्या पात्राची, चित्राची आठवण करून द्यायला कुणाची हरकत नसते. चाहत्यांमध्ये याला 'डिस्नेबाउंड' म्हणतात आणि आता तो एक मोठा छंदच झाला आहे. तुम्हाला तर एका चित्रकाराचा सन्मान करायचा आहे, त्यामुळे हा नियम तुमच्या आड येतच नाही.

टी-शर्ट टाळलात हे मला मनापासून आवडलं. तिचं चित्र छापलेलं कापड घातलं की लोक चित्र ओळखतात आणि पुढे जातात. तिची रंग निवडण्याची रीत अंगावर आली, तर ज्याला तिचं काम ठाऊक आहे तो लांबूनच हसून हात करेल. ती रीत काय होती ते सांगते, कारण कपाट उघडून उभं राहिल्यावर तीच कामाला येते.

तिच्या बऱ्याच चित्रांत, विशेषतः 'अ‍ॅलिस' आणि 'पीटर पॅन'साठी केलेल्या चित्रांत, कागदाचा मोठा भाग गडद असतो. रात्रीचा निळा, जवळजवळ काळा हिरवा, वांगी जांभळा. त्या अंधारात एखादीच छोटी जागा पेटलेली असते: अ‍ॅलिसचा झगा, जहाजाचं शीड, एक खिडकी. हे कपड्यांत आणायचं तर पायघोळ स्कर्ट किंवा पँट आणि वरचा टॉप दोन्ही एकाच गडद रंगाच्या छटांत ठेवा, आणि लिंबासारखा पिवळा किंवा तापलेला गुलाबी रंग एकाच ठिकाणी येऊ द्या. एक रुमाल पुरेसा आहे, किंवा एक पर्स. दोन्ही एकदम नकोत, नाहीतर कुठे थांबायचं हे नजरेला कळत नाही.

'स्मॉल वर्ल्ड'मध्ये नेमका याच्या उलट कारभार आहे. तिथे अंधार नाही. लालाशेजारी गुलाबी, गुलाबीशेजारी नारिंगी असे एका कुळातले रंग ती खेटून बसवते. आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं की हे एकमेकांवर जात नाहीत. मग मधेच एक थंड रंग येतो, फिरोजी किंवा पोपटी, आणि सगळी गर्दी जागच्या जागी बसते. नारिंगी शर्ट, राणी रंगाचा स्कर्ट आणि फिरोजी कानातले घातलेत तर तुम्ही तिच्या वर्गात बसलात असं समजा. आकार तिचे सोपे: चौकटी, त्रिकोण, शंकरपाळ्यासारखे चौकोन, उभे पट्टे. या सफरीसाठी तिने कागदाचे तुकडे कापून कोलाजही केले होते, म्हणून तुकडे जोडून शिवलेलं कापड इथे अगदी शोभतं.

आता एक गोष्ट आमच्या धंद्यातली. ती गुआश वापरायची. हा अपारदर्शक रंग वाळला की चमक उरत नाही, आणि तिच्या चित्रात एक रंग संपतो तिथे दुसरा थेट सुरू होतो. म्हणून सॅटिन नको, जरी नको, एका रंगातून दुसऱ्यात विरघळत जाणारी छटाही नको. सुती, लिनन, जाड खादीसारखा पोत, आणि रंगांच्या कडा स्वच्छ कापलेल्या. एवढ्या एका गोष्टीने सबंध पोशाखाचा सूर बदलतो.

कॅलिफोर्नियातल्या 'स्मॉल वर्ल्ड'ची दर्शनी भिंत पांढरी आणि सोनेरी आहे, तिच्यापुढे दुसऱ्या प्रकारचा, गर्दीच्या रंगांचा पोशाख फार खुलतो. तिथल्या घड्याळातून दर पंधरा मिनिटांनी बाहुल्यांची मिरवणूक निघते. फोटो त्या वेळी काढा. बूट मात्र चालून चालून मऊ झालेलेच न्या, रंग कोणताही असो.

आणि बहिणीला सांगा, सफरीत आयफेल टॉवर आला की वर पाहायचं. तिथे फुगा धरलेली सोनेरी, आखूड केसांची एक बाहुली आहे. ती मेरी ब्लेअरला वाहिलेली आठवण मानली जाते.

प्रश्न: एकच प्रवास जमणार आहे. कॅलिफोर्नियातलं अनाहाइम (डिस्नेलँड) की फ्लोरिडातलं ऑरलँडो (वॉल्ट डिस्ने वर्ल्ड)? तिचं काम कुठे जास्त पाहायला मिळेल?

उत्तर: हा प्रश्न मला स्वतःलाही बरेच दिवस छळत होता. 'स्मॉल वर्ल्ड' दोन्हीकडे आहे. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात, पेप्सीने युनिसेफसाठी प्रायोजित केलेल्या दालनात ती पहिल्यांदा सुरू झाली. मेळा संपल्यावर तीच सफर अनाहाइमला हलवली, आणि मे १९६६ मध्ये ती डिस्नेलँडमध्ये खुली झाली. फ्लोरिडातली १९७१ ची. सफरच पाहायची असेल तर अनाहाइमची पाहा. ती जास्त लांब आहे, आणि तिची भिंत उघड्या आकाशाखाली आहे. फ्लोरिडात तो भाग आत, छपराखाली आहे.

पण मी तुम्हाला फ्लोरिडाला पाठवेन, आणि ते एका भिंतीसाठी. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या 'कंटेंपररी' हॉटेलच्या मधल्या उंच दालनात तिचं भित्तिचित्र आहे. नव्वद फूट उंच, हाताने रंगवून भट्टीत भाजलेल्या सुमारे १८,००० फरशांचं. ग्रँड कॅन्यनचे कडे, अमेरिकेतली आदिवासी मुलं, पक्षी, फुलं, बकऱ्या. १९७१ मध्ये हॉटेल सुरू झालं तेव्हापासून ते तिथेच आहे, आणि त्याच दालनातून मोनोरेल सरळ आरपार जाते. पुस्तकात तिचं चित्र तळहाताएवढं दिसतं. इथे मान मागे टाकूनही ते संपत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका कठड्याला टेकून फक्त गुलाबी रंग मोजत बसले होते. लांबून जो एक वाटतो तो जवळून कितीतरी निघतो, आणि प्रत्येकाचा शेजारी वेगळा. लिफ्टच्या गाभ्याभोवती पूर्ण फेरी मारा, कारण चित्र सगळ्या बाजूंनी आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांना पाच पायांची बकरी शोधायला लावा. ती खरोखरच आहे.

या भिंतीसाठी उद्यानाचं तिकीट लागत नाही. हॉटेलांना जोडणारी मोनोरेल पकडून तिथे उतरता येतं, किंवा मॅजिक किंगडम या तिथल्या उद्यानाच्या दारापासून दहा-एक मिनिटांत चालत जाता येतं. स्वतःच्या गाडीने गेलात तर गर्दीच्या दिवशी फाटकावर हॉटेलातलं किंवा तिथल्या भोजनगृहातलं आरक्षण विचारू शकतात, म्हणून मोनोरेल बरी. सकाळी जा. न्याहारीची गर्दी ओसरली की दालन शांत होतं.

अनाहाइमलाही तिच्या दोन मोठ्या भिंती होत्या. १९६७ मध्ये डिस्नेलँडमधला 'टुमॉरोलँड' हा भाग नव्याने सजवला तेव्हा प्रवेशाच्या वाटेवर समोरासमोर दोन सिरॅमिक भित्तिचित्रं लागली, प्रत्येक ५४ फूट लांब. जगभरातली नाचती-गाती मुलं होती त्यांत. एक १९८७ च्या सुमारास 'स्टार टूर्स' ही नवी सफर आली तेव्हा झाकलं गेलं, दुसरं १९९८ मध्ये. नव्या सफरींना जागा लागते हे मला कळतं. तरी त्या वाटेने चालताना राग येतो, आणि तो मी लपवत नाही. त्यामुळेच सांगते, फ्लोरिडातली भिंत उभी आहे तोवर पाहून घ्या.

प्रश्न: आई बहात्तर वर्षांची आहे. ती साडीशिवाय दुसरं काही नेसत नाही. चालेल का? आणि होडीत चढताना त्रास?

उत्तर: साडी हा तिचा रोजचा पोशाख आहे, त्यामुळे नियमाचा प्रश्नच येत नाही. होडीत पाऊल खाली टाकून उतरावं लागतं, तेव्हा निऱ्या थोड्या वर खोचून घ्या आणि पदर पिन करा. मदतीला माणसं असतात, सांगितलं की ती वेळ देतात. मोठे आडवे पट्टे किंवा चौकडा असलेली, कडक काठाची सुती साडी निवडलीत तर आईच सगळ्यांत जास्त मेरी ब्लेअरच्या घरची दिसेल.

प्रश्न: 'स्मॉल वर्ल्ड' सगळं तिचंच आहे असं तुम्ही लिहिता. बाहुल्यांचे कपडे तरी नक्कीच दुसऱ्या कुणाचे असणार? आणि खरं सांगायचं तर एकेका देशाचं एकेका चिन्हात आटोपलेलं रूप मला खटकतं. भारत म्हटलं की ताजमहाल. तुम्हाला नाही खटकत?

उत्तर: कपड्यांबद्दल तुमचा अंदाज अगदी बरोबर आहे, आणि बरं झालं विचारलंत. ते काम अ‍ॅलिस डेव्हिस यांचं. खऱ्या कापडाचे, देशोदेशींची धाटणी पाहून शिवलेले शेकडो पोशाख त्यांच्या देखरेखीखाली झाले. पुढे 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या डिस्नेच्या सफरीतले समुद्री चाचेही त्यांनीच सजवले. त्यांचे पती मार्क डेव्हिस यांनी दृश्यांत गंमत भरली, रॉली क्रम्प यांनी खेळणी आणि न्यूयॉर्कच्या मेळ्यातला वाऱ्यावर फिरणारा उंच मनोरा रचला, ब्लेन गिब्सन यांनी बाहुल्यांचे चेहरे घडवले. गाणं शर्मन बंधूंचं. मेरी ब्लेअरची आहे ती या सगळ्यांना एका छताखाली आणणारी नजर: कोणत्या खंडाला कोणता रंग, कुठे गर्दी, कुठे मोकळीक. शेवटच्या दालनात सगळे देश एकत्र येतात तेव्हा रंग जवळजवळ काढून घेतले जातात आणि सारं पांढरं होतं. इतका वेळ रंगांत न्हाल्यावर तो पांढरा डोळ्यांना जाणवतो, आणि माझ्या मते ती सबंध सफरीतली सर्वांत धाडसी जागा आहे. ज्यांना कपड्यांतून आदरांजली वाहायची आहे त्यांनी हाही पर्याय ध्यानात ठेवावा. नखशिखांत पांढरं, पण पाच वेगळ्या पोतांचं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो, खटकतं. १९६४ च्या अमेरिकन मेळ्यात, काही मिनिटांच्या सफरीत, लहान मुलांना चटकन ओळखू येईल असं जग मांडायचं होतं. त्यात माणसांची ओळख एका इमारतीवर आणि एका टोपीवर आली. पण ती स्वतः केवळ टपाल तिकिटांवरून जग रंगवणारी नव्हती. १९४१ मध्ये वॉल्ट डिस्ने आणि स्टुडिओतल्या कलाकारांबरोबर ती दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली. त्याआधी ती उत्तम, पण कॅलिफोर्नियातल्या इतर चांगल्या चित्रकारांसारखीच जलरंगचित्रं करायची. तिथल्या बाजारातली कापडं, मुलांचे पोशाख, सणांचे रंग पाहून आल्यावर तिचा हात बदलला. रंग सपाट झाले, आकार सोपे झाले, आणि गोल चेहऱ्यांची मुलं आली ती कायमची. पंचवीसएक वर्षांनी बाहुल्यांच्या सफरीत दिसतात ती त्याच मुलांची भावंडं. जिथे ती प्रत्यक्ष फिरली तिथल्या लोकांचे रंग तिने किती बारकाईने टिपले होते ते १९४१ नंतरच्या कागदांवर दिसतं. ताजमहालाच्या देखाव्यात तेवढी ओळख नाही. तुमचं खटकणं बरोबर घेऊनच जा, आणि रंगांकडे पाहताना ते बाजूला ठेवावं लागत नाही.

प्रश्न: कोणत्या महिन्यात जावं?

उत्तर: अनाहाइमची सफर नाताळच्या सजावटीसाठी शरद ऋतूत काही आठवडे बंद असते. मग सुट्ट्या संपेपर्यंत तिच्यात दिवे, हार आणि नाताळची गाणी असतात. १९९७ पासूनची ती प्रथा आहे. सजावट काढायला पुन्हा काही दिवस दार लागतं. मेरी ब्लेअरचे रंग जसेच्या तसे पाहायचे असतील तर वसंत ऋतू उत्तम. जुन्या धाटणीचे कपडे घालून शेकडो लोक उद्यानात येतात तो 'डॅपर डे'ही वसंतात आणि शरदात असतो. २०११ पासून तो सुरू आहे. तुमचा १९५०-६० च्या धाटणीचा घेरदार झगा काढायला याहून चांगला दिवस मिळणार नाही. फ्लोरिडाला उन्हाळ्यात जाणार असाल तर दुपारच्या गडगडाटी पावसाचा हिशेब धरा: रंग पक्का नसलेलं कापड नेऊ नका, विशेषतः लाल आणि पांढरं शेजारी शिवलेलं. ऑक्टोबरची तिकिटं आधीच काढली असतील त्यांनी उद्यानाच्या वेळापत्रकात 'स्मॉल वर्ल्ड' सुरू आहे का ते पाहूनच हॉटेलचे दिवस ठरवावेत.