वाचक विचारतात : तोराचा (ज्यूंच्या पाच पुस्तकांच्या धर्मग्रंथाचा) शेवट आणि आरंभ

प्रश्न : माझी बहीण इस्रायलमध्ये अश्दोदला असते. मे महिन्यात फोनवर कळलं, की तिच्याकडे शब्बाथला (शनिवारी) आमच्या पुढचा पाराशा (तोराचा आठवड्याचा भाग) वाचतात. चुकतंय कोण? (ठाणे)

कुणीच नाही. २०२६ मध्ये शाबुओथ शुक्रवारी, २२ मे रोजी आला. इस्रायलमध्ये हा सण एक दिवसाचा, बाहेर दोन दिवसांचा. त्यामुळे २३ मेच्या शब्बाथला भारतात सणाचं वाचन आणि तिकडे नासो हा क्रमातला पाराशा. तिथून इकडची मंडळी एक आठवडा मागे. २७ जूनला आपल्याकडे हुक्काथ आणि बालाक हे दोन पाराशे एकत्र वाचले, की दोन्हीकडचं वाचन पुन्हा जुळतं.

मुळात पाराशे ५४. शेवटचा, वझोथ हाबेराखा, सिमहाथ तोराच्या (तोरा संपवून पुन्हा सुरू करण्याच्या सणाच्या) दिवशीच पुरा होतो. उरलेले ५३ सण सोडून मिळणाऱ्या शनिवारांत बसवायचे. बारा महिन्यांच्या वर्षात शनिवार कमी पडतात, म्हणून ठरावीक सात जोड्यांपैकी लागतील तितक्या एकत्र वाचतात. आपल्या अधिक मासासारखाच हिब्रू पंचांगातही १९ वर्षांत सात वेळा जादा महिना येतो. त्या वर्षी जोडवाचनं फार थोडी लागतात.

प्रश्न : अमेरिकेत काही ठिकाणी तीन वर्षांत तोरा पुरी करतात म्हणे. ही नवी पद्धत का? (नाशिक)

नाव जुनं, पद्धत नवी. प्राचीन इस्रायलमध्ये सलग वाचत जाऊन तोरा संपायला तीन ते साडेतीन वर्षं लागत. एका वर्षाचा क्रम बाबिलोनियाचा. तुदेलाचा प्रवासी बेंजामिन बाराव्या शतकात कैरोला गेला, तेव्हा तिथे दोन्ही रिवाजांची वेगवेगळी सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळं) होती. सिमहाथ तोराला मात्र दोन्हीकडचे लोक एकत्र येत. पुढे बाबिलोनियाचाच क्रम सगळीकडे रुळला.

आजच्या त्रैवार्षिक पद्धतीत दर आठवड्याला पाराशा तोच, पण यंदा त्याचा पहिला तृतीयांश, पुढच्या वर्षी दुसरा. वेळ वाचतो, तरी ऐकणाऱ्याला कथा तुटक मिळते. मजकुरावर सावकाश चर्चा होणार असेल तरच हा सौदा परवडतो, असं आमचं मत.

प्रश्न : सिमहाथ तोराला तीन सेफर (तोराच्या हस्तलिखित गुंडाळ्या) लागतात. आमच्याकडे दोनच आहेत. कसं निभवायचं? (रायगड जिल्हा)

पहिला सेफर ‘अनुवाद’ या तोराच्या शेवटच्या पुस्तकाच्या ३३व्या अध्यायावर, दुसरा उत्पत्तीच्या आरंभावर आदल्या दिवशीच लावून ठेवा. मफतीर, म्हणजे समारोपाचं वाचन, ‘गणना’ या पुस्तकाच्या २९व्या अध्यायातलं (ओवी ३५पासून). पहिल्यावरचं वाचन संपून दुसऱ्यावर बेरेशीथ (उत्पत्तीचा आरंभ) सुरू झालं, की दोघांनी पहिला बाजूच्या टेबलावर नेऊन मागे मफतीरपर्यंत गुंडाळायचा. अंतर जवळपास एक चतुर्थांश सेफरचं आहे, घाई नको. एकच सेफर असेल तर अख्खा मागे आणावा लागतो आणि लोक ताटकळतात. तेवढा वेळ गाणी धरा.

गुंडाळताना एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने समोरच्या दांड्यावरून चर्मपत्र बेताने सोडायचं. ढील राहिली की गुंडाळी एका बाजूला सरकते, कड बाहेर येते आणि ताण नेमका शिवणीवर पडतो. तिथेच फाटतं. जागा शोधायला खुणा आहेत : हाअझीनूचं गीत दोन स्तंभांत लिहिलेलं असतं, ते दिसलं की शेवट जवळ, दोन पुस्तकांच्या मध्ये चार ओळी कोऱ्या. बगदादी रीतीच्या डब्यातला सेफर उभाच राहतो, तिथे वरचे दांडे फिरवायचे.

बिनडब्याचा सेफर उचलून दाखवणाऱ्याला आधी बजावा : बेरेशीथवर जवळजवळ सगळं वजन डाव्या हातात येतं. सेफर टेबलाच्या कडेबाहेर थोडा ओढायचा, गुडघे वाकवायचे, मग टेबलाचाच आधार घेऊन उभं करायचं. मनगटाच्या जोरावर उचलू नये.

प्रश्न : स्त्रियांना तोरावाचनासाठी बोलावता येतं का? (मुंबई)

रिफॉर्म (सुधारणावादी) आणि बहुतेक कॉन्झर्व्हेटिव्ह (मधल्या पंथाच्या) सिनेगॉगांत येतं, ऑर्थोडॉक्सांत (परंपरावाद्यांत) सहसा नाही. मुंबईत सुधारणावादी ज्यू रिलिजस युनियन १९२५ मध्ये सुरू झाली ती डॉ. जेरुशा झिराड या महिला डॉक्टरांच्या पुढाकाराने, हे इथे सांगायला हवं.

प्रश्न : मुलांना दाखवायला अख्खा सेफर हॉलभर उलगडला तर? (पुणे)

आधी हजानांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) विचारा. अनेक सोफेर (सेफर लिहिणारे लेखनिक) याला नाही म्हणतात, आणि जुन्या सेफरच्या बाबतीत आम्हीही नाहीच म्हणू. २४५ स्तंभांचा सेफर ३५ मीटरच्या आसपास भरतो. प्राण्याच्या स्नायूच्या धाग्याने शिवलेली पानं एकाने पुढे, दुसऱ्याने मागे ओढली की उसवतात. घडी पडली तर शाईचा पापुद्रा उडतो, आणि एक अक्षर तुटलं तरी सेफर दुरुस्तीपर्यंत वाचनाला चालत नाही.

करायचंच तर हॉलभर टेबलं लावून स्वच्छ सुती चादरी अंथरा, अक्षरं वर ठेवा, पंखे बंद. हवेत लटकता धरू नका. चर्मपत्राला उघडा हात लावायचा नाही, कड तालिथने (प्रार्थनेच्या शालीने) किंवा कापडाने धरायची. पाण्याच्या बाटल्या बाहेर. परत गुंडाळताना एकाने फक्त शिवणी बघत राहायचं. एखादं अक्षर शंकास्पद वाटलं, तर अक्षरं येणाऱ्या पण अर्थ न कळणाऱ्या मुलाला ते कोणतं म्हणून विचारायची जुनी रीत आहे. त्याने भलतंच सांगितलं तर सोफेरला बोलवा.