आधी प्रश्नसंच संपवा, प्रयोग नंतर?

प्रश्न : मी सातवीला विज्ञान शिकवते, चौदा वर्षं झाली. आधी एखादा प्रयोग फसला तर तो का फसला यावरच अख्खा तास जायचा, मुलं एकमेकांशी वाद घालायची, मलाही मजा यायची. आता दर महिन्याला टेस्ट, प्रत्येक वर्गाची सरासरी स्टाफरूमच्या बोर्डावर लागते, आणि मुख्याध्यापक म्हणतात आधी प्रश्नसंच संपवा, प्रयोगाचं नंतर बघू. पालकांचंही तेच. मीच काळाच्या मागे पडलेय का?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, तुम्ही मागे पडलेल्या नाही, आणि हा दबाव नवाही नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली शिक्षणाचा कारभार पाहणारे मंत्री रॉबर्ट लो यांनी नियम आणला की शाळेला सरकारी अनुदान मिळणार ते मुलांची हजेरी किती आणि वाचन, लेखन, गणितात किती मुलं पास झाली यावर. परीक्षा घ्यायला इन्स्पेक्टर यायचे. ऐकायला ठीकच वाटतं ना, पैसा जनतेचा आहे तर हिशोब नको का? पण झालं असं की इतिहास, भूगोल, विज्ञान यांना पैसे नाहीत म्हणून ते मागे पडले, आणि मुलं वाचनाचं पुस्तक पाठच करून यायची, म्हणजे इन्स्पेक्टरसमोर घडाघडा म्हणायची पण दुसरं साधं पुस्तक हातात दिलं की अडायची. मॅथ्यू आर्नल्ड हे कवी स्वतः शाळा तपासनीस होते, त्यांनी आपल्या अहवालांत यावर सडकून टीका केली, तरी ही पद्धत साधारण तीस वर्षं चालली. त्या काळात शिकलेली मुलं डोळ्यासमोर आणली की मला खरंच वाईट वाटतं.

अमेरिकेत २००२ च्या कायद्याने तेच वेगळ्या रूपात आलं, २०१४ पर्यंत प्रत्येक मूल वाचन आणि गणितात ठरलेल्या पातळीला पोचलंच पाहिजे, नाहीतर शाळेवर कारवाई. अटलांटा शहरात तर शिक्षकांनीच उत्तरपत्रिकेतली चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली, २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. त्यांनी चूकच केली, पण एका आकड्यावर माणसाची नोकरी टांगली की आकड्याचं काय होतं ते यात दिसतं. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे १९७० च्या दशकातच सांगून ठेवलंय, की निर्णय जितके एका आकड्यावर घ्याल तितका तो आकडा बिघडतो आणि ज्या कामाचं मोजमाप करायला तो आणला तेही काम बिघडतं.

मी परीक्षेच्या विरोधात नाही हं. कोणतं मूल कुठे अडलंय हे टेस्टमधून कळतं, आणि ते कळायलाच हवं. पण सरासरी बोर्डावर लागली की आपलं लक्ष आपोआप पटकन मार्क वाढतील अशा मुलांकडे जातं, कारण सरासरी लवकर वर जाते ती त्यांच्याच जिवावर, आणि अगदी मागची मुलं हिशोबातूनच गळतात. मला सगळ्यात जास्त हेच टोचतं.

मुख्याध्यापकांवरही वरून दबाव असणार, त्यामुळे त्यांच्याशी भांडू नका, पण नुसतं प्रयोग हवेत असंही म्हणू नका, ते ऐकणार नाहीत. एकच धडा घ्या, टेस्ट झाल्यावर दोन आठवड्यांनी त्यातलेच दोन प्रश्न जरा फिरवून विचारा आणि उत्तर असंच का ते मुलांना तोंडी सांगायला लावा. किती जणांना जमलं ते मार्कांशेजारी लिहून तो कागद मुख्याध्यापकांसमोर ठेवा. पालकसभेतही तोच दाखवा, बरेच पालक घाबरून मार्क मागतात कारण दुसरं काही बघायला त्यांना कोणी देतच नाही.

आणि फसलेल्या प्रयोगाचा तास महिन्यातून एकदा तरी घ्याच. त्या दिवशी मागच्या बाकावरचं कोण बोललं ते मला नक्की कळवा.